शेवंताच्या मागावर माहा फोटो

सोम., ११ नोव्हें.
तारीख टाकली काय वं पिंकी? काल विसरली. चष्मा तुह्याच डोक्यावर अन् धुंडते घरभर, म्हाताऱ्या मातर आम्ही! लिही.
पिंकी माही नात, वाडीच्या साड्यांच्या गोदामात खोके बंद करते. आज तिथून एक कार्ड आणलं, साडीले बांधतात तसं. त्याच्यावर माहा फोटो. खाली इंग्रजी. पिंकीनं वाचलं, "ही साडी या आजीनं विणली." साडी चालली परदेशात.
ते हसून राहिली. मले हसू नाही आलं.

मंगळ., १२
मागच्या साली मी उमरेडलेच होती, पिंकीकडं राहाले आली नव्हती. विणकर गटाची म्याडम गोरी पाहुणी घेऊन आली. शेजारच्या शेवंताले सासूचं सुतक, सुतकात मागाले हात लावत नाहीत. शेवंताच बोलली, "बाई, तुमी बसा. रिकामा माग बरा नाही दिसत." बसली. पाहुणीनं फोटो काढला अन् इचारलं, साडी तुम्ही विणली? शेवंताची साडी. मले तर मागावरचा धोटा सोडून तीस वर्षं झाली. मुंडी हलवली. माहीच मुंडी, दुसऱ्या कोणाची नाही.

शुक्र., १५
सदरले गटाचा कार्यक्रम. शाल, नारळ. फोटोतल्या आजीले नवा माग भेटणार. शेवंताचा माग दोन जागी दोरीनं बांधेल हाय. माइकपाशी गेली, खरं सांगायलेच गेली होती. अन् "थ्यांकू" म्हणून खाली बसली. जन्मात एक इंग्रजी शब्द शिकली, तो तिथंच कामी आला.
पिंकी, हे खोडू नको.

रवि., १७
शेवंताचा फोन. नवा माग टेम्पोतून आमच्या उमरेडच्या बंद घरापुढं उतरवला.
"बाई, कुलूप हाय. कुठं ठेवू?"
"तुह्या घरी ठेव."
"ठेवतो. पावसापाण्याचं प्लास्टिकनं झाकून ठेवतो. तुमी याल तव्हा न्याल."
कार्डाचं तिले माहीत हाय का नाही, इचारायची हिंमत...

सोम., १८
खरं सांगून टाकू म्हणून पिंकीनं म्याडमले फोन लावला. घंटी वाजली, मी म्हटलं, बंद कर. पयले शेवंता, मंग म्याडम.
"काहून वं आजी, भेली काय?"
हो, भेली. लिही तसंच.
सुतक फिटल्यावर शेवंताचं तोंड गोड करायले मी गेलीच नाही. फोटो काढला अन् तिच्या दारावरून जाणं सोडलं.
उद्या सकाळच्या उमरेडच्या बसमध्ये मी चढीन का नाही, सांगता नाही येत. शेवंताले डब्बा मातर पाठवजो. पुरणाच्या पोळ्या, जायफळ टाकून, तूप वेगळ्या डबीत. वडे नको, तेल सुटते. अन् सगळ्यात वर ते कार्ड ठेवजो.