ओसरी मालतीची आणि तिच्या फ्रेंचची

मी रंभाबाई, कै. भाईदास चौधरी यांची पत्नी, राहणार बुऱ्हाणपूर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. दमले आहे, पण दमणे म्हणजे वेड नव्हे. अर्जनवीस फार सजवून लिहीत होता, त्याला घालवला. हे वाकडे अक्षर माझेच. कोणाच्या धाकाने काढलेले नाही. याआधी काही लिहिले असल्यास ते रद्द.

घर आणि मळा मला माझ्या आईने दिलेले, स्त्रीधन आहे. वाटणी मी करीन ती.

जैनाबादेकडचा केळीचा मळा आणि मागच्या खोल्या थोरला मुलगा विनायक यास. तहसीलीत कारकून आहे, मातीला हात लावायचा नाही, तरी घ्यावे.

पुढची ओसरी व लगतची खोली धाकटी सून मालती हीस, ती जिवंत असेतो. माझा मधुकर गिरणीच्या कामाने पाँडेचेरीस गेला आणि तिकडेच वारला. तिथे फ्रेंचांचे राज्य. मालती तिथे फ्रेंच शिकली आणि शाळेत लहान मुलांना शिकवायची. परत आली ती एक ट्रंक आणि ती भाषा घेऊन. आता शाळा सुटली की पहिली-दुसरीची पोरे ओसरीवर जमवते आणि फ्रेंच शिकवते. मला एक अक्षर कळत नाही. कान किटले.

मोहल्ल्याने पोरे पाठवली ती इंग्रजी समजून. मालतीने पहिल्याच दिवशी फ्रेंच म्हणून सांगितले होते, पण गोऱ्यांची बोली एकच, असे सर्वांनी धरलेले. विनायकला फरक ठाऊक होता. पोरांचे बाप वाकून रामराम करू लागले म्हणून गप्प बसला. मग शेजारच्या कोकिळाबाईचा गोटू बापाबरोबर चांदनी स्टेशनावर रेल्वेच्या साहेबाशी बोलायला गेला. साहेब पोट धरून हसला, आणि सगळे उघडे पडले.

कोकिळाबाई दारात आली. "काय वं रंभाबाई, तुह्या सुनेनं लेकराले भलतीच बोली शिकवली! याच्यावर नोकरी कोन देईन?"

मी म्हटले, "गोटू सात वर्षांचा आहे. आधी त्याचं नाक पूस."

त्या दिवसापासून विनायक ओसरीत मेहुण्याला कापसाची आडत घालून देतो म्हणतो. "आई, लोक हसतात. तहसीलीत तोंड दाखवता येत नाही."

"मग झाकून जा."

निम्मी पोरे गेली. उरली ती येतात. ज्या दिवशी येत नाहीत, त्या दिवशी मालती जेवत नाही. उपाशी सुनेशी मला भांडता येत नाही, म्हणून ओसरी तिची.

पितळी हंडा कोकिळाबाईस. सारखी मागते. तळाला भोक आहे हे सांगू नये.

आता मुख्य गोष्ट. मी मेल्यावर विनायक सुतकाचे निमित्त करून ओसरीला कुलूप लावील, आणि सुतक फिटले तरी किल्ली सापडणार नाही. मी त्याला जन्म दिला आहे, ओळखते. म्हणून लिहिते की माझ्यासाठी शिकवणी एक दिवसही बंद ठेवू नये. भटजी आडवे आले तर विचारावे, सुतकात फ्रेंच वर्ज्य असे कुठल्या पोथीत आहे? कुलूप लागले तर मळाही मालतीचा.

शिकवणीच्या वेळी मला न्यायचे झाल्यास मागच्या दाराने न्यावे. पोरांना उठवू नये.

सही : रंभाबाई भाईदास चौधरी
साक्षीदार : यादव कडू महाजन
साक्षीदार : वामन निंबा पाटील
मुक्काम बुऱ्हाणपूर, ता. ९ डिसेंबर १९३४