परातीतलं पाणी

७ जून
पोहोचले. अद्रार शहर सोडल्यावर वाळवंटातल्या वाटेत एक झाड दिसलं नाही, तरी मी ट्रकमध्ये दिवसभर हसत होते. पहिली नोकरी, तीही हवामान केंद्रावर. मातीच्या खोल्या, तापमापकांची पांढरी पेटी, वाऱ्याचं यंत्र आणि कुंपणात बाष्पीभवन मोजायची मोठी पत्र्याची परात. शेजार म्हणजे रखवालदार बूजुमआकाका, त्यांची बायको मबारका आणि तान्ही रीम. चहाचा पहिला पेला फार कडू लागला. काका म्हणाले, दुसरा बरा लागेल, तोवर टिकलीस तर.

१० जून
परातीचं मोजमाप कार्यालयाने कधीच बंद केलंय. तरी माझ्या आधीचे निरीक्षक कुइदर रोज पहाटे, स्वतः पाणी पिण्याआधी, ती पिण्याच्या पाण्याने भरत. काका अजून भरतात. इथे पाण्याची गाडी आठवड्याने येते! बाबांनी मला घरीच शिकवलं. अक्षरांच्या आधी हे शिकवलं, की सांडलेल्या थेंबाचाही जाब द्यावा लागतो. मी परात रिकामी करून पाणी टाकीत ओतलं. कुइदर वेडे होते का, विचारलं. काका म्हणाले, वेडा नव्हता पोरी, भित्रा होता. कशाला भीत, विचारल्यावर त्यांनी हनुवटीने दक्षिण दाखवली. तिकडे नुसती वाळू.

१३ जून
शहिली सुटलाय, दक्षिणेचा वारा. पडदे आत ओढले जातात, पण यंत्राच्या वाट्या फिरत नाहीत. तीनदा तपासलं, यंत्र ठीक आहे. टाकी निम्मी झाली. गळती नाही, खालची वाळू चाचपली, कोरडी. काकांची बकरी मेली. उचलली तर खजुराच्या वाळल्या झापासारखी हलकी.

१४ जून
मबारकाचं दूध आटलं. परातीतलं पाणी वाचवून पुण्य कमावलंस, आता तूच पाज हिला, असं ती म्हणाली. रीम रडते, पण डोळ्यांतून पाणी येत नाही.

१५ जून
कुइदर भरत तशी परात भरली, टाकीतलं उरलेलं सगळं ओतून. पातळीवर खिळ्याने खूण केली. अशा उन्हात संध्याकाळपर्यंत बोटभर तरी उतरायला हवं.
पाणी खुणेवरच. तसूभरही उतरलं नाही.

१६ जून
गाडी आली नाही. परातीतलं पाणी चमच्याने रीमला पाजायला गेले. ओठांपर्यंत जाईतो चमचा कोरडा. पुन्हा. पुन्हा कोरडा.
काका म्हणाले, परात रिकामी करून एकदा हाकलल्यावर दक्षिणेकडचा तो पुन्हा परातीला तोंड लावत नाही, माणसांतलं घेतो. ज्याच्या अंगात ओल जास्त, त्याचं आधी.
तान्ह्या मुलात सगळ्यात जास्त असते. हेही बाबांनीच शिकवलं होतं.
हे माझ्यामुळे.

१७ जून, दुपार
कपड्यांसकट परातीत बसले आहे. डोक्यावरून पाणी घेतलं. आता सगळ्यात ओली मी.
काका नको म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.
वाट्या स्थिर. ओढणी मात्र दक्षिणेकडे ताणली जातेय — कुणी टोक धरल्यासारखी —

आतून मबारकाचा आवाज. रीमच्या गालावर ओलं आहे म्हणते. डोळ्यांतून येतंय —
बरं झालं —

शाई टोकाशी येतानाच वाळते. निब चाटून लिहिते. जिभेवर आता काही —
बोटं मिटत नाहीत — खारकेसारखी —
पाणी अजून कमरेपर्यंत आहे. थेंबही कमी नाही. मग हे जे ओढलं जातंय ते —