वाहतं पाणी ओलांडू नये

प्रिय आक्का,

तुला लिहिलेला हा माझा दुसरा कागद. पहिला लिहिला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता वीस संपलं. दाजींनी तो तुला वाचून दाखवला, तेव्हा तू एकेक ओळ मागून म्हणत पाठ केलीस, असं नावाड्यानं येऊन सांगितलं होतं. हा कागद तुला कोण वाचून दाखवणार? कुणी नाही. तरी लिहिते, कारण तो पहिला कागद काल पुन्हा माझ्या हातात आला. आणि कालपासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

मला पाचवा महिना लागलाय. याआधी दोनदा दिवस राहिले आणि गेले, तिसऱ्या महिन्याच्या पुढे काही सरकलं नाही. म्हणून या खेपेला आई शहागडहून जालन्याला आली. मोटारीत तिला पोटात ढवळतं, अंबड येईतो लुगड्याचा पदर तोंडावर धरून बसली होती म्हणे, पण आली. आल्याबरोबर तिनं माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तुला माहीतच आहे ती.

काल संक्रांतीच्या तिळाच्या वड्या घेऊन शेजारीण आली. मी एक उचलली, तशी आईनं माझं मनगट धरलं.

"तीळ न्हाई चालत तुला. उष्ण असत्यात. ठिव खाली."

"आई, नर्सबाई म्हणल्या, सगळं खा. पोट भरून खा. जड तेवढं उचलू नको."

"तिला किती लेकरं झाली?"

नर्सबाईंचं लग्न झालेलं नाही, हे आईनं आल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. मी वडी खाली ठेवली. मग आईनं बोचकं सोडलं, त्यातून एक हळदीचे डाग पडलेलं फडकं काढलं आणि फडक्यातून तो कागद.

"ह्याच्यात समदं हाय. तुझ्याच हातचं हाय. वाच, म्या ऐकते. काय इसरलं असंल तर ध्यानात येईल."

आक्का, मला वाटलं होतं तो कागद केव्हाच गेला. तुझ्याबरोबर जळाला असेल, नाहीतर तुझ्या सासूनं चुलीत घातला असेल. तो तुझ्या लुगड्याच्या घडीत होता. तुझ्या सासरहून दहाव्याला गाठोडं आलं, त्यात. आईनं तो तेव्हापासून देवाच्या डबीखाली ठेवला होता. नऊ वर्षांत तिनं तो कुणाकडून वाचून घेतला नाही, मलाही कधी वाच म्हटलं नाही. का घेतला नसेल? आता वाटतं, तिलाही भीती वाटत असावी.

तो कागद कसा लिहिला गेला ते तुला माहीत नाही. म्हणजे तुला वाटतं तुला माहीत आहे.

तू त्या वर्षी ज्येष्ठात माहेरी आलीस. मी तेव्हा पारावरच्या गुरुजींकडे जात होते. दादांना सहीच्या जागी अंगठा उठवायची लाज वाटायची, लेकीला तरी लिहिता यावं म्हणून त्यांनीच मला पाठवलं होतं. सगळ्या पोरांत मी एकटी पोरगी. माझं अक्षर पोरांपेक्षा बरं होतं, गुरुजी माझी पाटी सगळ्यांना दाखवायचे. आणि तू आलीस, दोन दिवस कौतुकानं माझी पाटी पाहिलीस, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून आईला म्हणालीस, "चंपी पोरांत बसती. तिकडं आमच्या गावात बोलून राह्यले लोक. मला सासूबाईचं ऐकून घ्यावं लागतं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझी पाटी माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्यांवर दडपण म्हणून गेली.

तू आपली नदी ओलांडून सासरी निघून गेलीस. घाटावर उभं राहिलं की पलीकडं तुझ्या गावातला पिंपळ दिसायचा. मी रोज पाणी भरायला जायची आणि त्या पिंपळाला शिव्या द्यायची. मला तुझा राग आला होता, आक्का. आजही थोडा आहे. सासूचं ऐकून घ्यावं लागतं म्हणून तू माझी शाळा बंद केलीस, आणि पुढं सासूचं ऐकता ऐकता स्वतःही गेलीस.

आषाढ सरता सरता तुझा निरोप आला. दिवस गेले आहेत. सासू एक सांगते, मोठी जाऊ दुसरं सांगते, काय खावं काय सोडावं कळेना, तेव्हा आई, तू सांगतेस तेच मी पाळीन, लिहून पाठव. घरात लिहिणारं कोण? मीच. आईनं मला हाक मारली, दादांनी दुकानातून कागद आणला. ज्या पोरीची पाटी मिरच्यांवर ठेवली होती, तिच्यापुढं सगळं घर बसलं.

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. पपई खाऊ नये. तीळ, गूळ, हुलगे खाऊ नयेत. जुळं केळं खाऊ नये, जुळं होतं. उंबऱ्यावर बसू नये. तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत. ग्रहणात चिरू नये, शिवू नये, हललंसुद्धा नाही पाहिजे. पोटभर जेवू नये, लेकरू मोठं होतं आन् अडतं. ही शेवटली ओळ आईनं दोनदा सांगितली आणि मी दोनदा लिहिली.

मग आई चुलीवरचं बघायला उठली. खाली दोन बोटं कोरी जागा राहिली होती. त्या जागेत मी लिहिलं, "वाहतं पाणी ओलांडू नये. माहेरी येऊ नये."

हे कुणी मला सांगितलं नव्हतं. तू पंचमीला येणार होतीस. झोका बांधणार, फेर धरणार, आई तुझ्यासाठी पुरणाची दिंडं उकडणार, आणि मी सगळ्यांच्या हाताखाली राबणार. तू येऊ नयेस एवढंच मला पाहिजे होतं. एक पंचमी. अकरा वर्षांच्या पोरीला पंचमीच्या पुढचं दिसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी ध्यानात आलं नाही. हे खरं आहे. पण हे काही माझ्या बाजूनं सांगत नाही.

पंचमीला तू आली नाहीस. मी झोका मनासारखा खेळले.

मार्गशीर्षात तुला सातवा होता. आई न्यायला आली ती तुला आठवत असेल. त्या वेळी नदीला पाणी ते किती? नावाडी बांबू टेकवत नाव नेतो एवढं. पण पलीकडं कापूस फुटला होता, वेचणीला हात पाहिजे होते, आणि तुझ्या सासूच्या हातात कागद होता. "तुमीच लिव्हलंय ना? वाहतं पाणी वलांडू न्हये. मंग आता कशाला आलात?" तू दाराआड उभी होतीस, आई म्हणते. तुझ्या पायांना सूज होती, ओठ पांढरे पडले होते, आणि तू म्हणालीस, "आई, तूच सांगितलंस ना गं?"

आई पाय आपटत परत आली. तिला वाचता येत नव्हतं, कागद तोंडावर धरला तरी तिला त्यात काय दिसणार? आली ती थेट माझ्याकडं.

"चंपे, तू असं लिव्हलंतंस का?"

"न्हाई."

"देवाची आण?"

"देवाची आण."

आक्का, हे ते. ओळ लिहिली ती पोरकटपणानं, ते मी एखाद्या दिवशी स्वतःला माफ करीन. पण त्या दिवशी वेळ होती. तुझे दोन महिने उरले होते. मी हो म्हटलं असतं, तर दोन थपडा बसल्या असत्या आणि आई त्याच पावली परत जाऊन तुला घेऊन आली असती. मी थपडांना भ्याले. दोन थपडांना.

त्यानंतर आईनं ठरवलं की तुझी सासू खोटारडी आहे. शिमग्याच्या आधी चार दिवस नावाडी आला, पलीकडून ओरडतच आला. तू पोरीला जन्म दिलास आणि तुझं रक्त काही थांबलं नाही. सुईण म्हणाली, अंगात ताकदच नव्हती. कुठून असणार? आम्ही लिहून पाठवलं होतं ना, पोटभर जेवू नये. तू शब्दनशब्द पाळलास. आदल्या दिवसापर्यंत दळत होतीस म्हणे.

दहाव्याला आईनं तुझ्या सासूला सगळ्या गावासमोर वाट्टेल ते ऐकवलं. "कागदात नसलेलं वाचून माझी पोर मारली," असं म्हणाली. त्यांनी आमचं येणं बंद केलं. दाजींनी दुसरं लग्न केलं. तुझ्या पोरीचं नाव गोदा ठेवलं, एवढं आम्हाला नावाड्याकडून कळलं. नऊ वर्षांची झाली. नदीपलीकडं, नजरेच्या टप्प्यात, आणि आईनं तिचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्या एका 'न्हाई'पायी.

आणि तू? तुला एकदाही शंका आली नाही? आईनं तुझ्या लग्नात खणानारळानं नदीची ओटी भरली होती, ती आई म्हणेल का पाणी ओलांडू नकोस? माहेरी येऊ नकोस असं कोणती आई सांगते? तू विचारायचंस तरी. नावाडी रोज येत-जात होता. पण तुला पाळायची सवय. कुणीतरी सांगितलं की पाळायचं. तुझ्या या आज्ञाधारकपणाचा मला माझ्या खोटेपणाइतकाच राग येतो.

काल मी तो कागद वाचला. पपई, तीळ, केळं, उंबरा. आई प्रत्येक ओळीला मान हलवत होती, "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत होती. शेवटच्या ओळीशी मी थांबले. ती सोडून देणं सोपं होतं. आईला काय कळलं असतं? पण माझ्या पोटात त्याच वेळी काहीतरी हललं. पहिल्यांदाच. यापूर्वी एवढ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. मी वाचली.

"फिरून वाच."

मी फिरून वाचली.

"हे म्या सांगितलं न्हवतं."

"न्हाई. हे माझं हाय, आई."

मला वाटलं मारील. नऊ वर्षं राहिलेल्या थपडा देईल. तिनं हात उचलला नाही. माझ्या हातातल्या कागदाकडं बघत म्हणाली, "त्या बाईला म्या नऊ वर्सं शिव्या दिल्या. ती बिलकुल खोटं बोलली न्हवती."

मी कागदाची घडी घालू लागले.

"आन् ते पोटभर जेवू न्हये म्हून हाय, ते कुणाचं?"

आक्का, तिथं मला खोटं बोलावंसं वाटलं. तेही माझंच, असं म्हणावंसं वाटलं. पण खोटं बोलून एकदा काय झालं ते मी पाहिलंय.

"ते तू सांगितलंतंस. दोनदा."

तिनं मान हलवली. पुढं विचारलं, "त्याच्यात दळण लिव्हलंय का? दळू न्हये, पाणी आणू न्हये, कापूस येचू न्हये असं?"

"न्हाई."

"न्हाई," आई म्हणाली. तिनं कागद फडक्यात गुंडाळला आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

काम सोडता येतं हे तिच्या ध्यानीमनीच नव्हतं. तिला तरी कुणी सोडू दिलं होतं? केळं सोडायचं, तीळ सोडायचे, केस विंचरायचं सोडायचं, उंबऱ्यावर घटकाभर बसायचं तेवढंही सोडायचं. ज्यात आपल्याला थोडं सुख आहे ते सगळं वर्ज्य. जातं मात्र कुणी वर्ज्य केलं नाही.

आज सकाळी आईनं भाकरी केल्या. मला एक वाढली. मी खाल्ली. उठायला लागले तर दुसरी ताटात आली, वर मेथीची भाजी. मी खाऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. तिनं मला क्षमा केली असं मला वाटत नाही. करूही नये.

संध्याकाळी मी आणि हे बसून काय सोडायचं ते ठरवलं. हे कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज सरकारी उर्दूत उतरवतात, मी या घरी आल्यावर मला पुन्हा लिहायला यांनीच लावलं. पपई सोडते, आईच्या समाधानासाठी. ग्रहण आलं तर बसून राहीन, तेवढाच आराम. तीळ खाणार. पोटभर खाणार. दळण आजपासून बंद, इथं पिठाची गिरणी आहे. आणि तुझ्याबद्दल 'न्हाई' म्हणायचं कायमचं सोडलं.

आता वचन देते. रथसप्तमी झाली की मी शहागडला जाणार आहे. घाटावर उतरून, नावेत बसून, पाचव्या महिन्याचं पोट घेऊन पलीकडं येणार आहे. आई आली तर तिला घेऊन, नाहीतर एकटी. तुझ्या सासूच्या दारात उभी राहून सांगेन की ती ओळ माझी होती. ती म्हातारी मला काय बोलायचं ते बोलेल, मी ऐकून घेईन. मग गोदाला बघेन. तिला माझ्याबरोबर पाठवतील न पाठवतील, पण मी पाटी घेऊन जाणार आहे. जेवढे दिवस राहू देतील तेवढ्या दिवसांत तिला अक्षरं शिकवीन, म्हणजे तिला आलेला कागद तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

माझ्या हातानं लिहिलेली ओळ मी माझ्याच पायांनी मोडणार आहे. तू नऊ वर्षांपूर्वी मोडायला हवी होतीस गं.

तुझी खोटारडी,
चंपी