माझ्या नावाची खुर्ची

रविवार, १४ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. विनंती विशेष एवढीच, की पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून हे पत्र केराच्या टोपलीत टाकणार असाल, तर आधी एकदा वाचा आणि मग खुशाल टाका. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागदावर आले.

इकडे सगळं ठीक. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे. न्हाणीघराचा नळ पुन्हा गळतोय. प्लंबर 'उद्या येतो' म्हणून गेला तो गेलाच. तुमची भाची नव्या नोकरीत रुळली, पण तिच्यावरच्या बाई तिच्याहून लहान आहेत म्हणून अधूनमधून नाक मुरडते. तुम्ही कुंडीत लावलेलं लिंबाचं झाड जगलंय, फळाचं मात्र नाव काढत नाही. ह्यांचा रक्तदाब वर-खाली चालूच आहे.

रक्तदाबापासूनच सुरुवात करते. कुठून तरी करायलाच हवी.

गुरुवारी हे गोळ्यांची डबी घरी विसरले. जाताना नेहमीसारखं 'फाउंडेशनमध्ये जरा काम आहे' एवढंच म्हणाले होते. मामंजी गेल्यापासून ह्यांचं तिथे जरा काम असतंच. वडिलांनी मुलींसाठी उभं केलेलं वसतिगृह, मुलगा त्यात लक्ष घालतोय, मला आपलं कौतुक. गोळी जेवणाआधी घ्यायची, म्हणून डबी पर्समध्ये टाकली आणि निघाले.

जिन्यात चहावाल्या मावशी भेटल्या. मला बघून डोळे मोठे करून म्हणाल्या, "अगंबाई! आज तुम्ही स्वतः?"

"स्वतः म्हणजे? डबी द्यायला आलेय."

"असं होय," म्हणाल्या आणि ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

बैठकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तुम्हाला ती खोली माहीत आहे. लांब टेबल, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले पाण्याचे ग्लास, मधोमध बिस्किटांच्या बश्या, भिंतीवर मामंजींचा फोटो. टेबलाभोवती सगळे पुरुष. प्रत्येकापुढे पितळी पाटी, पाटीवर नाव. ह्यांना खूण करावी म्हणून मी वाकले, आणि ह्यांच्या पुढ्यातली पाटी वाचली. तिच्यावर माझं नाव होतं.

आधी वाटलं, कुणीतरी चुकून ठेवली असेल. मी विश्वस्त आहे हे मला माहीत होतं, नाही असं नाही. मंडळावर बायका असल्याच पाहिजेत असा नियम आला तेव्हा मामंजींच्या जागी माझं नाव लावलं होतं. "नुसतं नाव गं, तुला काही करायचं नाही," असं हे म्हणाले होते. मला वाटायचं, विश्वस्त म्हणजे वार्षिक कार्यक्रमात नीट साडी नेसून बक्षिसं वाटणारी बाई. बैठका होतात, तिथे माझी खुर्ची आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही. आणि ती रिकामी नसते हे तर मुळीच नाही.

अध्यक्ष काहीतरी वाचत होते. वसतिगृह चालू सत्र संपलं की बंद करायचं, मुलींना दुसरीकडे सोय बघायला सांगायचं, इमारतीचं पाहुण्यांसाठी विश्रामगृह करायचं. तुमच्या त्या नर्सिंग शिकणाऱ्या सगळ्या पोरी, वन्सं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "महिला सदस्यांचं काय म्हणणं?"

टेबलाच्या या बाजूच्या तीन पुरुषांनी हात वर केले.

तुमच्या भावाने घसा साफ केला आणि म्हणाला, "मी अनुमोदन देते."

देते! कुणी हसलं नाही. कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. शेजारच्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यांना त्यात काही वेगळं वाटतच नाही. घरच्या बाईला सवड नसली की घरच्या माणसाने तिच्या खुर्चीत बसायचं, तिच्या नावाने बोलायचं, अशी तिथली पद्धत आहे म्हणे. माझ्या सवडीबद्दल मला कधी कुणी विचारलं, देव जाणे.

आणि ऐका. दुसरा हात अध्यक्षांच्या मुलाचा, त्याच्या बायकोच्या पाटीमागे. तिसरा डॉक्टरांचा. डॉक्टरीणबाईंना जाऊन वर्ष उलटलं, आपण दोघी शेजारी बसून रडलो होतो. त्यांची पाटी अजून चकचकीत पुसलेली आहे आणि डॉक्टर अजून त्यांचा हात वर करतायत. गेलेल्या बाईचं मत आणि माझं मत, दोन्ही सारखीच मोजली गेली.

मी आत गेले नाही. आत जाऊन टेबलावर हात आपटला असता तर आज तुम्हाला ताठ मानेने लिहिलं असतं. मी डबी मावशींच्या हातात कोंबली आणि जिना उतरले. घरी आल्यावर चपला न काढता कितीतरी वेळ स्वयंपाकघरात उभी होते.

आता पुढचं लिहायला हात जड होतोय.

तुम्ही त्या दिवशी आमच्या घराची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवून एक शब्द न बोलता गेलात. मी ह्यांना विचारलं तर म्हणाले, "ताईचा स्वभावच तसा, सोड." मी डोकं खाजवून खाजवून शोधलं की माझं काय चुकलं, आणि मला सापडला तुमचा नवा चष्मा! त्यात तुम्ही रागावलेल्या मुख्याध्यापकासारख्या दिसता, असं मी हसत म्हटलं होतं ना? तोच राग असेल म्हणून मी तुम्हाला माफीचे निरोप पाठवले, भाचीकरवी नवी फ्रेमसुद्धा पाठवली. तुम्ही ती परत पाठवलीत. आता कळतंय. हिने माझ्या पोटावर पाय दिला आणि माफी मागते चष्म्याची, असंच वाटलं असणार तुम्हाला.

कारण गुरुवारी संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, माझ्या खुर्चीत बसून आजवर आणखी काय काय केलंत. आधी थट्टेवारी नेलं. "अगं, तुझं मत म्हणजे माझंच ना? घरात दोन मतं कशाला?" मी हलले नाही. मग नजर ताटाकडे वळवून म्हणाले, "ताईचं वय झालं होतं. मंडळाचं ठरलंच होतं."

तुम्हाला वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या कामावरून काढण्याचा ठराव; मी आपली समजत होते, तुम्ही आपणहून निवृत्त झालात. त्याला अनुमोदन माझं होतं. तुम्ही अध्यक्षांना जाब विचारायला गेलात तेव्हा ते म्हणाले म्हणे, "बाई, तुमच्या वहिनींनीच हात वर केला, आम्ही काय करणार?"

मी ह्यांना विचारलं, "मग ताईंना खरं का नाही सांगितलंत?"

तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते माझ्या कानातून जात नाहीये. म्हणाले, "मी कोणत्या तोंडाने सांगणार? मला तिने बोट धरून शाळेत नेलंय. तुझ्या नावावर गेलं ते एका परीने बरंच झालं. नणंदा-भावजयांचे रुसवेफुगवे काय, चालतातच."

वन्सं, मी संसार केला तो ह्या माणसाबरोबर. हा वाईट माणूस नाही. माझ्या तापात रात्र रात्र जागलाय. आणि त्याच माणसाने बहिणीसमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून तिच्यासमोर मला उभं केलं, आणि वर शांतपणे पोळीचा तुकडा मोडला. मला रागसुद्धा धड येत नाहीये. मी नुसती ह्यांच्याकडे बघत राहते. हे पेपर वाचतात, लिंबाला पाणी घालतात, आणि मला वाटतं, ह्यांना मी ओळखते का?

माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. तुमच्या जागी मी असते तर मीही चटकन ठेवला नसता.

काल मी फाउंडेशनमध्ये गेले. सुट्टी होती, मावशी एकट्याच फरशी पुसत होत्या. मी माझी पाटी उचलून पिशवीत टाकली. त्यांनी विचारलं, "पॉलिशला नेताय का?" मी म्हटलं, "नाही, माझी आहे." डॉक्टरीणबाईंची पाटी मी उलटी करून ठेवली. ती मला तशी बघवेना.

आता पाटी माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली आहे. सकाळी हे चहाला बसले, पाटी पाहिली आणि चहात साखर न घालताच प्यायले.

वसतिगृहाचा ठराव कायम करायला पुन्हा एकदा मतं घ्यावी लागतात, असं अध्यक्षांच्या सूनबाईंकडून कळलं. त्यांना त्यांच्या खुर्चीचं ठाऊक होतं. म्हणाल्या, "मला बाई तेच सोयीचं." मी फोन ठेवला, तो पुन्हा उचलला आणि त्यांना म्हटलं, निदान एकदा येऊन बघा तरी कसं दिसतं ते. त्या 'बघू' म्हणाल्या. नाही मात्र म्हणाल्या नाहीत.

बैठक येत्या शनिवारी आहे. पाटी घेऊन मी जाणार आहे आणि तिच्यामागे बसणार आहे. हे घरून कसे निघतात आणि कुठे बसतात, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? त्या खोलीत काय बोलायचं, मध्येच अडवलं तर काय म्हणायचं, यातलं मला काही कळत नाही. त्या मुली कोण, कुठून आल्या, गेल्या तर कुठे जातील, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. शुक्रवारी मी तुमच्या खोलीवर येईन. दार उघडलंत तर मला सगळं शिकवा. नाही उघडलंत तर जिन्यात बसून राहीन आणि मग जमेल तसं बोलेन.

किल्ली मी कपाटावरून हलवलेली नाही. तुम्ही ठेवली तिथेच आहे.

तुमची,
जिने अजून एकदाही हात वर केलेला नाही ती,
वहिनी