पाटीच्या कोपऱ्यातली चिमणी

९ डिसेंबर, दुपार
तुमच्याच खोलीतून

बाबा,

नमस्कार. सवय आहे म्हणून लिहिला, मनावर घेऊ नका. आई बरी आहे, मी पण. तुम्ही कसे आहात ते विचारत नाही, सकाळी कोपऱ्यावरून बघितलं. औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होतात. शिडी धरायला कुणी नव्हतं, खाली विटा लावल्यात. पडाल एखाद दिवशी.

ही चिठ्ठी वाचाल तेव्हा माझी धाकटी भावंडं, ढब्बू आणि मनी, आमच्याबरोबर गाडीत असतील. कोर्टाने त्यांना आईकडे द्यायला सांगितलंय. कागद पोलीसबाई दाखवतील. बाई चांगल्या आहेत. मला गप्प बघून म्हणाल्या, "हिला जीभ आहे ना?" आई म्हणाली, "आहे हो, साठवून ठेवलीय."

आपण सापडलो कसे, असा विचार करत बसाल. नंबर बदललात, राज्य बदललंत, मिशीसुद्धा काढलीत. पण पाटी संपली की कोपऱ्यात चिमणी काढायची खोड काही गेली नाही. शेजारचे टेम्पोवाले काका माल घेऊन इकडे आले होते. चहा पिता पिता वर बघितलं, तर चिमणी. त्यांनी फोटो पाठवला. आई म्हणाली, "चिमणी काय, कुणीही काढतं." मी म्हटलं, शेपटी बघ. एका पायावर उभी आणि शेपटी वाकडी. लहानपणी तुमच्या डब्यात ब्रश बुडवून पहिली मीच काढली होती ना. तुम्ही हसलात. म्हणालात, "राहू दे, आता हीच आपली सही."

माझ्या चिमणीने पकडून दिलं तुम्हाला. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

शाळा सोडून मी तुमच्या हाताखाली आले. रंग कालवले, ब्रश धुतले. आणि त्या दुपारी आई कामावर असताना तुम्ही त्या दोघांनाच उठवलंत. मी बाजूलाच होते. मला झोप लागली नव्हती बाबा. डोळे मिटून पडले होते, आता मला हाक माराल म्हणून. चपला कुठे काढल्यात तेसुद्धा आठवून ठेवलं होतं. मग कडीचा आवाज आला.

जाऊ दे.

आज दार ढब्बूने उघडलं. आईला बघितलं आणि दाराआड लपला. तिथूनच म्हणाला, "तू तर मेलीस ना? बाबांनी सांगितलं."

कोर्टात एकदाही न रडलेली आई उंबऱ्यावरच बसली. मनी जवळ आली, आईचं नाक चिमटीत धरून बघितलं, आणि भावाला म्हणाली, "गरम आहे रे."

वाटेत ते विचारणार, बाबा कुठेत? तुम्ही पण मेलात, असं मी सांगू शकते. दोघं माझं ऐकतात. पण नाही सांगणार. मेलेल्या माणसावर कुणी चिडत नाही. तुम्ही धडधाकट आहात, आणि जित्या आईला तुम्ही मेलेली सांगितलंत, हेच सांगेन. मोठे होईपर्यंत सांगत राहीन, आवाज न चढवता. मला कुठे घाई आहे?

आई हाक मारतेय. मनीचे बूट घालायचेत.

'तुमची' लिहिणार होते, हात धजला नाही.

आईची थोरली