डिजिटल डायरी घेतली ते वर्ष

१७ जाने. १९९९, रविवार
रक्तदात्यांच्या वहीचं बाइंडिंग सुटलं. दोनशे चौदा नावं. निम्मे फोन नंबर खोडलेले, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. काल आडगावच्या बाईंना ए निगेटिव्ह हवं होतं. मी अंबडला ऑफिसात, वही घरी. फोनवरून सासूबाईंना वाचायला लावलं. ‘ही आडवी रेघ आहे की डाग आहे गं?’ पाऊण तास गेला. मिळालं, पण पाऊण तास.
दादा गेला त्याला मार्चमध्ये आठ वर्षं होतील. त्याच्या ॲक्सिडेंटच्या वेळीही रक्त मिळालंच होतं, फक्त उशिरा. तेव्हापासूनची ही वही.

२२ जाने.
परचेसच्या कुलकर्णी साहेबांकडे डिजिटल डायरी पाहिली. पाकिटाएवढी. नावाची पहिली अक्षरं दाबली की नंबर समोर. मराठी येत नाही, सगळं इंग्रजी कॅपिटलमध्ये. मी विचारलं, नावाच्या आधी ब्लड ग्रुप टाकला तर? त्यांनी टाकून दाखवलं. ONEG दाबलं की ओ निगेटिव्हवाले ओळीने येतील!
किंमत अडीच हजार. एवढा वेळ बघत होते की साहेब म्हणाले, ‘कांबळे मॅडम, घरी न्या दोन दिवस.’ नको म्हटलं.

३० जाने.
घरी विषय काढला. हे म्हणाले, ‘अडीच हजारांत शंभर वह्या येतील.’ शाळामास्तरांचं गणित. पैसे आहेत ते बुद्धगयेसाठी ठेवलेले. सासूबाईंना एकदा नेऊन आणायचं, असं तीन वर्षं चाललंय. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘बुद्धगया कुठं पळून जातीय का? घे तुझं यंत्र.’
त्यांनी असं म्हणायला नको होतं. नाही म्हणाल्या असत्या तर सोपं झालं असतं.

१४ फेब्रु., रवि.
घेतली. आठवडाभर रोज वीस-वीस नावं भरतेय. रबरी बटणं इवलीशी, नखाने दाबावी लागतात. जागा कमी, म्हणून फक्त ग्रुप, नाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. वहीत बाकी बरंच होतं. ‘सुईला घाबरतो, बोलत राहायचं.’ ‘फोन शेजारच्यांचा, दुपारी करू नये.’ ते कुठे टाकणार? राहू दे.

९ मार्च
आज पैसे वसूल झाले असं वाटलं. बस स्टॉपवर होते, सिव्हिलकडे निघालेले. नामपूरची बाई, बाळंतपणात रक्तस्राव, ओ निगेटिव्ह. नवऱ्याने ऑफिस सुटता सुटता तिथे फोन केला होता, ‘ताई, बाई भलती सिरीयस शे. रगत भेटी ना?’ स्टॉपवरच डायरी उघडली, समोरच्या एसटीडी बूथवरून तीन फोन लावले. तिसऱ्याला भामरे मिळाले, स्कूटरवर निघाले. मी पोचायच्या आत ते टेबलावर झोपलेलेसुद्धा होते.
बाई वाचली. मुलगी झालीय. नवरा हात जोडून उभा राहिला. मी खरं तर फोनच केले होते.
घरी सांगितलं. ह्यांनी डायरी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

२ मे
नवीन नावं थेट यंत्रात. वही कपाटात. आता एका फोनला एक मिनिट. ‘रक्त देऊन तीन महिने झाले? येता येईल? ठीक.’ पूर्वी एकेकाशी दहा मिनिटं जायची. ऑफिसात ओरड असायची, ती थांबली.

२८ जून
काय लिहू.
संध्याकाळी घरी आले तर हे दारातच उभे. डायरी हातात. अक्षरं पुसट दिसत होती म्हणून सेल बदलले. सगळे एकदम काढले. मागे लिहिलंय, एका वेळी एकच काढावा. चालू केली तर १ जानेवारी, बारा वाजलेले. आत काही नाही.
‘वाचता येत नाही का तुम्हाला? मुलांना शिकवता ना?’ असं बोलले. सासूबाईंसमोर. हे चष्मा काढून पुसत बसले. तुझं काम सोपं व्हावं म्हणूनच केलं, एवढं तरी म्हणायचं.
फेब्रुवारीनंतरची एकसष्ट नावं गेली. सगळ्यांच्या तारखा गेल्या.

१ जुलै
बी निगेटिव्ह, तातडीने, हृदयाचं ऑपरेशन. जुन्या वहीतून सोनवणे सापडला. अंबडलाच लेथवर आहे. विचारलं, तीन महिने झाले का? म्हणाला, ‘झाले असतील ताई.’
‘असतील’ ऐकलं मी. तरी ये म्हटलं.

२ जुलै
सोनवणेने रक्त दिलं आणि थेट सेकंड शिफ्टला गेला. त्रिमूर्ती चौकात सायकलवरून पडला. चक्कर. भुवईला चार टाके. त्याच्या बायकोने कार्ड शोधून तारीख काढली: मागचं रक्त वीस मेला दिलेलं. जेमतेम सहा आठवडे झाले होते. वीस मेला मीच बोलावलं होतं. मला आठवलं नाही. आठवायची सवयच गेली होती.
ज्यांना रक्त लागलं ते बरे आहेत, हेही लिहून ठेवते. त्या बाटलीनेच.

४ जुलै, रवि.
सोनवणेच्या घरी गेले. पाथर्डी फाट्याजवळ दोन खोल्या. तो हसत होता, पट्टी डोळ्यावर घसरलेली. ‘काय नाय ताई, थोडं लागलंय.’ बायको मात्र सरळ बोलली.
‘तुमच्या मशीनमधी सगळं असतं ना, म्हणून मी काय बोलले नाय. म्हटलं, ताईंनी बोलावलंय म्हणजे बरोबरच असंल.’
मी म्हटलं, चूक माझी.
‘पूर्वी तुम्ही विचारायच्या, जेवलात का, रातपाळी होती का. आता फोन वाजतो न् वाजतो तोच बंद.’
चहा दिला. साखर जास्त होती, आवडीने टाकलेली.

५ जुलै
ह्यांना म्हटलं, मी तसं बोलायला नको होतं. ते म्हणाले, ‘डायरीमागचं मी वाचलं होतं गं. घाई केली.’ थोड्या वेळाने: ‘रविवारी स्कूटर काढू, घरोघरी जाऊन तारखा विचारू. किती घरं आहेत?’

१८ जुलै, रवि.
सातपूर. नऊ घरं. पावसाने वहीला प्लास्टिक. फोन न करता दारात गेले की माणसं दचकतात, मग बसा म्हणतात. निकुंभ सरांच्या घरी त्यांचा फोटो, हार घातलेला. जानेवारीतच गेले. मी फेब्रुवारीत त्यांचं नाव नखाने टाइप केलं होतं, APOS, फोन, सगळं नीट. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘तुमचा फोन आला असता तर काय सांगितलं असतं कोण जाणे.’

१ ऑग., रवि.
देवळाली. एकाने स्पष्ट सांगितलं, आता नाव काढा. का, तेही सांगितलं: पाच वेळा दिलं, एकदाही कोणी कळवलं नाही पेशंटचं काय झालं ते. मी कळवायची आधी. कधी थांबले? हे बाहेर स्कूटरपाशी उभे होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्याचं नाव काढू नकोस. पुढच्या वेळी पेशंटचं सांग, मग विचार.’
एकमेकांकडून विचारत एकसष्टपैकी अठ्ठावीस नावं परत मिळाली.

२२ ऑग.
यंत्र परत भरतेय. होय, भरतेय. या वेळी आधी वहीत, मग त्यात. हे शेजारी बसून वाचतात, मी टाइप करते. ह्यांचं इंग्रजी स्पेलिंग माझ्यापेक्षा चांगलं. नामपूरच्या बाईच्या वेळी वहीतून शोधलं असतं तर? पाऊण तास. तो हिशोब कुणी मांडायचा?
आणि सोनवणेच्या भुवईचा?

१९ ऑक्टो.
विजयादशमी. कॉलनीतून बस निघाली बुद्धगयेला. सासूबाईंना गुडघ्यामुळे जाता आलं नाही. डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास आता नको. गेल्या वर्षी चालत होत्या. बस निघताना गेटपाशी हात जोडून उभ्या राहिल्या, मग घरात येऊन वाती-मेणबत्त्या लावल्या. मी म्हटलं, आई, माझ्यामुळे राहिलं.
‘त्या नामपूरच्या पोरीचं नाव काय ठेवलं गं?’ त्यांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

२५ ऑक्टो.
नामपूरला पत्र टाकलं. पत्ता सिव्हिलमधल्या ओळखीच्या सिस्टरने काढून दिला.

१२ नोव्हें.
अकाउंट्सला नवीन लागलेली पगारे मॅडम टेबलापाशी आली. नवऱ्याचा बोनस झालाय, तिला डिजिटल डायरी घ्यायचीय. ‘तुमच्याकडे आहे ना, मॅडम? घेऊ का? पैसे वसूल होतात का?’
तोंडात दोन्ही उत्तरं आली. तिला म्हटलं, कशाला हवीय?
‘माणसं लक्षात ठेवायला,’ ती म्हणाली. हसत नव्हती. खरंच म्हणत होती.
मी म्हटलं, रविवारी सिडकोत सहा घरी जायचंय, येतेस का? त्यानंतर सांगते.
‘बघते,’ म्हणाली. येईल का नाही, माहीत नाही. आली तरी काय सांगणार आहे, तेही अजून ठरलेलं नाही.