बिबवेवाडीहून आलेला टक्

गुरुवार, ता. ९, संध्याकाळ

आज एकदाचे कोथरूडचा आणि बिबवेवाडीचा असे दोन्ही रिपीटर, म्हणजे वायरलेसवरचा आवाज पकडून पुढे पाठवणारे खोके, जोडले. मध्ये टॅक्सीचे दोन जुने वायरलेस सेट, भंगारातून उचललेले. थाट काही विचारू नका. खटाटोप सगळा बिबवेवाडीत राहणाऱ्या माझ्या जुन्या वायरलेस-दोस्तासाठी, सलीमभाईंसाठी. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांना बोलता येत नाही, मग फोनचा काय उपयोग? पण सेटचं बटण तर दाबता येतं. एकदा दाबलं तर ‘हो’, दोनदा दाबलं तर ‘नाही’, असं आमचं ठरलेलं.

सहाला हाक मारली. “सलीमभाई, ऐकताय ना?” बटण सोडलं, आणि टक्! मग काय, मी सुटलोच. गच्चीवरचं ऊन, सोसायटीच्या सेक्रेटरीची कटकट, सगळं सांगितलं. प्रत्येक वाक्याला टक्. अर्धा तास.

आनंद सांगायला म्हणून त्यांच्या मुलीला फोन केला. शबाना म्हणाली, “अहो काका, अब्बांनी महिनाभर सेट लावलेलाच नाही. मी पुढे केला तरी मानेनंच नको म्हणतात.”

म्हणजे टक् मशीनचा. मी बटण सोडलं की पलीकडचा रिपीटर बंद होताना वाजतो. तीस वर्षं वायरलेसच्या छंदात घालवून हे कळू नये? ‘नाही’ उत्तर येईल असा एक प्रश्न विचारला असता, तरी कळलं असतं. विचारलाच नाही.

एक स्क्रू अर्धा फिरवला की टक् जाईल. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलोय. आत्ताच पुन्हा विचारलं, सलीमभाई, ऐकताय ना?

टक्.